उसात ड्रोन पडला तर शोधायचा कसा? ट्रॅकर, टॅग आणि बझरची खरी उपयुक्तता



आजचा मेसेज नेहमीपेक्षा लांब आहे. ज्यांच्याकडे फवारणीचा ड्रोन आहे, ज्या बचत गटांतल्या ताई ड्रोन चालवतात आणि जे भाड्याने ड्रोन बोलावतात, त्यांनी निवांत वेळ काढून वाचावा. बाकीच्यांनी आपल्या ओळखीच्या ड्रोनवाल्याला पुढे पाठवावा.

सोयाबीनमध्ये ड्रोन पडला तर बांधावर उभं राहून दिसतो. हरभऱ्यात तर लांबूनच दिसतो. पण दहा-बारा फुटांच्या आडसाली उसात दहा लिटर टाकीचा ड्रोन पडला की वरून पाला पुन्हा मिटतो आणि खाली काही घडलंय याचा पत्ताच लागत नाही. वाढलेल्या तुरीत आणि मक्यातही थोडंफार तसंच. चार-पाच माणसं दिवसभर सऱ्या तुडवतात, ऊस मोडतो, शेजारी कुरकुरतो, आणि ड्रोन शेवटी तोडणीच्या वेळी सापडतो. तोवर पाणी पाजून-पाजून त्याच्यात काही राहिलेलं नसतं.

यात पैसा केवढा अडकलाय ते बघा. नमो ड्रोन दीदी योजनेत महिला गटाला ८० टक्के, जास्तीत जास्त ८ लाख रुपये मदत मिळते. उरलेली रक्कम गटाने उभी करायची, बऱ्याचदा कर्ज काढून. ड्रोन पहिल्याच हंगामात हरवला तर हप्ता थांबत नाही, फवारणीचं उत्पन्न मात्र थांबतं. दहा-बारा बायकांच्या गटात मग "कुणी हरवला" हा विषय निघतो, आणि तो पैशापेक्षा वाईट. म्हणून दोन-चार हजारांची वस्तू आधीच बसवलेली बरी.

*आधी हे समजून घ्या: ड्रोन हरवतो दोन तऱ्हेने*

शोधायला धावण्याआधी ड्रोन कसा गेला हे ठरवावं लागतं, कारण दोन्हींत शोधायची जागा वेगळी असते.

पहिली तऱ्हा, ड्रोन जागीच पडला. मोटार बंद पडली, पंखा तुटला, बॅटरीचं कनेक्टर निसटलं, तारेला अडकला. फवारताना ड्रोन पिकाच्या वर दोन-तीन मीटरच असतो. ऊस धरून जमिनीपासून सहा-साडेसहा मीटर. एवढ्या उंचीवरून खाली यायला सव्वा सेकंदही लागत नाही. सेकंदाला पाच मीटर वेगाने जात असला तरी तो फार तर सहा-सात मीटर पुढे जाऊन पडतो. म्हणजे रिमोटच्या स्क्रीनवर शेवटचा बिंदू जिथे दिसला, त्याच्या आसपासच तो आहे. लांब जायची गरज नाही.

दुसरी तऱ्हा, ड्रोन उडत निघून गेला. रिमोटचा संपर्क तुटला, होकायंत्र बिघडलं किंवा जीपीएस सुटला. जीपीएस सुटला की ड्रोन एका जागी थांबत नाही, वारा नेईल तिकडे सरकतो. इथे शेवटचा बिंदू म्हणजे फक्त सुरुवात. समजा शेवटचा वेग सेकंदाला पाच मीटर होता आणि बॅटरी तीन मिनिटांची उरली होती. तीन मिनिटांत तो जास्तीत जास्त नऊशे मीटर जाईल. नकाशावर तेवढा गोल काढा, त्यातली वाऱ्याच्या दिशेची बाजू आधी बघा. हाच हिशोब चाळीस सेकंदांचा केला तर दोनशे मीटर होतो, आणि शोध एकदम सोपा होतो. म्हणून संपर्क तुटल्याची वेळ आणि त्या वेळची बॅटरी, या दोन गोष्टी लगेच लिहून ठेवायच्या. कागद नसेल तर हातावर लिहा.

रिमोट बंद करू नका. अ‍ॅपही बंद करू नका. स्क्रीनवर शेवटचे अक्षांश-रेखांश, उंची, वेग, दिशा असं जे काही दिसतंय त्याचा आधी स्क्रीनशॉट काढा. फुकटचा पहिला ट्रॅकर हाच. पुष्कळ ड्रोन याच एका आकड्यावर सापडतात, आणि घाबरून रिमोट बंद-चालू केल्यामुळे तोच आकडा जातो.

*आकडा वाचताना होणारा घोटाळा*

अक्षांश दोन पद्धतीने लिहितात. एकात अंश-मिनिटं-सेकंद, दुसऱ्यात दशांश. "१६ अंश ५२ मिनिटं" हे फोनवर कुणाला सांगताना "सोळा बावन्न" होतं आणि ऐकणारा नकाशात १६.५२ टाकतो. खरा आकडा आहे १६.८६६. फरक पडला सुमारे अडतीस किलोमीटरचा! सांगलीजवळ पडलेला ड्रोन शोधायला माणूस भलत्याच तालुक्यात जाईल. म्हणून आकडा तोंडी सांगूच नका, स्क्रीनशॉट नाहीतर लोकेशन पाठवा.

दशांशात बिंदूनंतर किमान पाच आकडे हवेत. पाचवा आकडा म्हणजे साधारण एक मीटर, चौथा म्हणजे अकरा मीटर, तिसरा म्हणजे एकशेदहा मीटर. तीनच आकडे लिहून घेतले तर ड्रोन तुमच्या रानात की शेजारच्या गटात, हेच कळणार नाही.

*आता ट्रॅकरचं*

बाजारात तीन प्रकारची उपकरणं मिळतात आणि विकणारा तिन्हींना "ट्रॅकर"च म्हणतो. तिघांचं काम वेगळं आहे.

सिमकार्डवाला जीपीएस ट्रॅकर आपण मोटारसायकलला, ट्रॅक्टरला लावतो तोच, फक्त छोटा आणि स्वतःची बॅटरी असलेला. तो उपग्रहावरून आपली जागा काढतो आणि मोबाईल टॉवरवरून तुम्हाला कळवतो. दोन्ही गोष्टी लागतात. उपग्रह दिसला पण टॉवर नाही, तर त्याला जागा माहीत असूनही तो सांगू शकत नाही. साधा ट्रॅकर दोन ते चार हजारांत येतो. घेताना विचारायचं ते हे: ४जी आहे का? फक्त २जीवर चालणारा जुना ट्रॅकर असेल तर त्यात जिओचं सिम चालणार नाही, कारण जिओचं २जी जाळंच नाही. तुमच्या शिवारात, रानात, विहिरीपाशी कुठल्या कंपनीची रेंज येते तेच सिम घाला. घरी येणारी रेंज इथे कामाची नाही.

काही ट्रॅकर सिम आतच बसवून देतात, त्याचा नंबर तेरा आकडी असतो. त्यावर आपण सरळ मेसेज करू शकत नाही, विकणाऱ्याच्या अ‍ॅपमधूनच जागा बघावी लागते आणि वर्षाचे पैसे वेगळे. ते वाईट नाही, पण घेतानाच माहीत असावं. साधं सिम असेल तर एक मेसेज केला की लोकेशनची लिंक परत येते. इंटरनेट रडत असलं तरी मेसेज जातो, म्हणून आमचा कल साध्या सिमकडे.

या ट्रॅकरचा खरा शत्रू म्हणजे रिचार्ज. ड्रोन हंगामात उडतो आणि मग दोन महिने पेटीत बसतो. तेवढ्यात वैधता संपते, सिम मुकं होतं. पुढच्या हंगामात ट्रॅकर जागेवर असतो, दिवाही लुकलुकतो, आणि नेमका गरजेच्या दिवशी उत्तर देत नाही. फवारणीला निघताना टाकी-नोझल तपासता तसा ट्रॅकरला एक मेसेज करून बघायचा. उत्तर आलं तरच उडवायचा.

दुसरा प्रकार ब्लूटूथ टॅग. किल्लीच्या जुडग्याला लावायचा गोल बटणासारखा. एअरटॅग हा त्यातला नावाजलेला, वजन अकरा ग्रॅमच्या आसपास, आत घड्याळासारखा सेल, तो वर्षभर जातो. रिचार्ज नाही, सिम नाही. ऐकायला झकास. पण यात जीपीएस नसतो, हे विकणारा सांगत नाही. टॅग स्वतःची जागा काढतच नाही. त्याच्याजवळून कुणाचा आयफोन गेला तर तो आयफोन आपली जागा गुपचूप कळवतो आणि तीच तुम्हाला दिसते. पुण्या-मुंबईच्या रस्त्यावर मिनिटामिनिटाला आयफोन जातो. आपल्या उसाच्या पट्ट्यात दिवसभरात किती आयफोन जातात, तुम्हीच सांगा!

अँड्रॉइडवर चालणारे टॅगही आता मिळतात, आणि अँड्रॉइड फोन तर घरोघरी आहे. तरी एक गोम आहे. गूगलचं हे जाळं २०२४ मध्ये सुरू झालं, आणि फोनमध्ये मूळ सेटिंग असं असतं की जिथे माणसांची, फोनची वर्दळ जास्त आहे तिथलीच जागा कळवायची. रानात एकट्याचा फोन टॅगजवळून गेला तरी तो कळवेलच असं नाही. ज्यांच्याकडे ड्रोन आहे त्यांनी आपल्या आणि फवारणीच्या टोळीतल्या सगळ्यांच्या फोनमध्ये हे सेटिंग "सर्व ठिकाणी" असं करून घ्यावं. तरच शोधताना सरीतून फिरणारा प्रत्येक फोन कामी येईल.

मग टॅग घ्यायचाच नाही का? घ्या, पण कशासाठी ते ओळखून घ्या. ड्रोन उडत असताना हरवला तर टॅग दुसऱ्या नंबरचा मदतनीस. टेम्पोतून, शेडमधून, बॅटरी चार्जिंगच्या जागेवरून ड्रोन उचलून नेला तर मात्र तो पहिल्या नंबरचा. चोर शहरात, बाजारात गेला की टॅग बोलायला लागतो. तसं झालं तर नकाशावरचा ठिपका बघून कुणाच्या दारात जाऊन उभं राहू नका. ड्रोनचा नोंदणी क्रमांक, सीरियल नंबर, बिल घेऊन पोलीस ठाण्यात जा आणि ठिपका त्यांना दाखवा.

तिसरा प्रकार बझर. दिसायला सगळ्यांत किरकोळ, पाच-सात ग्रॅमचा, आणि उसाच्या पट्ट्यासाठी आमच्या मते सगळ्यांत कामाचा. त्याला स्वतःची चिमुकली बॅटरी असते. ड्रोनची मुख्य बॅटरी तुटली, निसटली की तो आपोआप ओरडायला लागतो, शंभर डेसिबलच्या आसपास. जीपीएस तुम्हाला पाच-दहा मीटरपर्यंत नेतो, तिथून पुढे कान नेतात. उसात दहा मीटर म्हणजे काय हे शहरात बसून कळत नाही. साडेचार फुटी सरी धरली आणि ठिपक्याच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर सोडले तर चौदा-पंधरा सऱ्या होतात. प्रत्येक सरीत दोन हातांपलीकडचं दिसत नाही. बझर असेल तर तिसऱ्या-चौथ्या सरीतच ड्रोन सापडतो.

म्हणून आमचा क्रम असा: आधी बझर, मग सिमवाला ट्रॅकर, पैसे उरले तर टॅग. जिथे मोबाईलची रेंजच नाही अशा डोंगराकडच्या वाड्यांत बझरवरच भिस्त ठेवा, आणि बांधाच्या दुसऱ्या टोकाला एक माणूस उभा करा. हसू नका, ड्रोन कुठल्या झाडामागे गेला हे डोळ्यांनी बघितलेला माणूस कुठल्याही यंत्रापेक्षा भारी.

*बसवायचा कुठे*

इथे घाई नको. पुष्कळ ड्रोनचे हात आणि पट्ट्या कार्बन फायबरच्या असतात आणि कार्बन फायबर रेडिओ लहरी अडवतो. ट्रॅकर पट्टीखाली किंवा टाकीच्या पोटात लपवला की तो आंधळा झाला. त्याला आकाश दिसलं पाहिजे. उलट ड्रोनच्या स्वतःच्या जीपीएसच्या दांडीजवळही लावू नका, कारण सिमचा ट्रॅकर मेसेज पाठवताना तिथे अडथळा करू शकतो. टॅगच्या आत स्पीकरचं लोहचुंबक असतं, ते होकायंत्राजवळ आलं तर ड्रोनची दिशाच बिघडेल. हरवू नये म्हणून लावलेल्या वस्तूनेच ड्रोन हरवायचा! बहुतेक ड्रोनना पायाच्या वरच्या भागात, बाहेरच्या बाजूला जागा सापडते.

ट्रॅकरची तार ड्रोनच्या मुख्य बॅटरीला जोडू नका. पडताना पहिली तीच तुटते आणि ट्रॅकरही मरतो. त्याला स्वतःची बॅटरीच हवी. औषधाच्या तुषारांपासून वाचवायला प्लॅस्टिकचं आवरण घाला, पत्र्याची डबी नको. झिप टाय दोन लावा, एक नको. आणि आपले ड्रोन प्रमाणपत्र मिळालेले मॉडेल आहेत, त्यामुळे काहीही चिकटवण्याआधी बनवणाऱ्या कंपनीला किंवा डीलरला लेखी विचारा. वॉरंटीचा प्रश्न येतो.

बसवल्यावर ड्रोन न उडवता एकदा खरीखुरी परीक्षा घ्या. ड्रोन उसात आठ-दहा सऱ्या आत नेऊन ठेवा, मुख्य बॅटरी काढा आणि गटातल्या दुसऱ्या माणसाला शोधायला लावा. ट्रॅकर जागा किती अचूक सांगतो, बझर किती लांबून ऐकू येतो, सगळं तिथेच कळतं. उघड्या आकाशाखाली तीन ते पाच मीटरची चूक असते, उसाच्या पाल्याखाली ती वाढते. हे नवीन ट्रॅकरला पहिल्यांदा चालू केल्यावर करू नका. त्याला उपग्रह पकडायला थोडा वेळ लागतो. आधी बांधावर उघड्यावर पाच मिनिटं ठेवा.

त्याच दिवशी रिमोटमध्ये आणखी एक आकडा बघा: संपर्क तुटल्यावर ड्रोन किती उंचीवरून परत येतो. काही ड्रोनमध्ये तो पंधरा मीटरवर ठेवलेला असतो. बांधावरचा नारळ, जुना आंबा, विजेचा मनोरा याहून उंच असतो. तुमच्या रानातल्या सगळ्यांत उंच वस्तूपेक्षा तो आकडा जास्त ठेवा.

*शोधायला आत जाताना*

एकट्याने जाऊ नका. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर पट्ट्यात उसात बिबट्या असतो हे आम्ही सांगायला नको, आणि साप तर सगळीकडेच. दोघं-तिघं मिळून, बूट घालून, हातात काठी घेऊन जा. एक माणूस बांधावर उभा राहील, त्याच्याकडे लोकेशनवाला फोन, आणि तो आतल्यांना "अजून चार सऱ्या उजवीकडे" असं सांगेल. आडवं घुसून ऊस मोडायचा नाही, सरीनेच चालायचं. दहा पावलं चाललात की थांबायचं, गप्प राहायचं, ऐकायचं. शेजारची मोटार, इंजिन, फवारणी पंप दहा मिनिटं बंद करायला सांगा. पहाटे शांतता असते तेव्हा बझर चांगला ऐकू येतो, पण अंधारात मात्र आत जाऊ नका. रान दुसऱ्याचं असेल तर आधी विचारा, मागाहून समजूत काढण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

ड्रोन विहिरीत किंवा शेततळ्यात दिसला तर कुणी उतरू नका. टाकीत उरलेलं औषध पाण्यात गेलं असेल, ते पाणी जनावरांना पाजू नका. गळ टाकून, दोरीने वर काढा.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं. धूर दिसला किंवा जळका, गोडसर वास आला तर आत जायचं नाही, बाहेर यायचं. ड्रोनची लिथियम बॅटरी आदळल्यावर लगेच पेटली नाही तरी काही मिनिटांनी पेटू शकते, आणि खाली वाळलेलं पाचट असतं. एका बॅटरीने अख्खा फड जाऊ शकतो, तोही शेजाऱ्याचा. ११२ ला फोन करा, आजूबाजूच्यांना हाका मारा. धूर नसेल आणि ड्रोन सापडला, तर हात लावण्याआधी फोटो काढा. मग हातमोजे घाला (टाकीत औषध आहे), बॅटरी काढून उघड्यावर, पाचटापासून लांब, वाळूत किंवा मोकळ्या मातीत ठेवा. फुगलेली, चेपलेली बॅटरी घरात किंवा टेम्पोत आणायची नाही, चार्ज तर मुळीच करायची नाही.

*कागदपत्रं*

ड्रोन नियम २०२१ प्रमाणे अपघात झाला तर ४८ तासांच्या आत विमान वाहतूक महासंचालनालयाला पोर्टलवरून कळवावं लागतं. विमा कंपनीलाही त्याच दिवशी कळवा. सक्तीचा असतो तो त्रयस्थ व्यक्तीच्या नुकसानीचा विमा, म्हणजे तुमचा ड्रोन कुणाच्या अंगावर, गोठ्यावर पडला तर. तुमच्या स्वतःच्या ड्रोनचं नुकसान भरून हवं असेल तर ते वेगळं कलम लागतं, आणि "पडला" आणि "हरवला, सापडलाच नाही" यात पॉलिसी फरक करते का ते आत्ताच वाचून ठेवा. ट्रॅकरचा शेवटचा ठिपका, रिमोटचा स्क्रीनशॉट, जागेचे फोटो हे सगळं तिथे पुरावा म्हणून कामी येतं. ड्रोन कायमचा गेला तर त्याची नोंदणीही रद्द करून घ्यावी लागते. नाहीतर उद्या कुणाला तो सापडला आणि त्याने भलतीकडे उडवला, तर नाव तुमचं राहील.

आडसाली उसात फवारणी सुरू होण्याआधी ज्यांना आपल्या ड्रोनवर बझर किंवा ट्रॅकर बसवून हवाय, त्यांनी ड्रोन, रिमोट, बिल आणि पॉलिसीची प्रत घेऊन कंपनीच्या केंद्रावर यावं. रानातली रेंज कुठल्या सिमची येते ते आधी आपल्या फोनवर बघून, लिहून आणा. ट्रॅकर कुठला घ्यायचा ते त्यावरच ठरेल.

– आपली शेतकरी उत्पादक कंपनी, अवजारे व ड्रोन सेवा